हदासाबाई आणि कुणाचीच नसलेली जाळी

...तर तो सोफा काही निघेना. काल इथपर्यंत सांगून झालं होतं, की अडीच माणसं ऐसपैस बसतील एवढा सोफा नाल्यातून वाहत आला आणि जाळीला आडवा टेकला, आणि हदासाबाई त्याला दाताळ्याने ढोसत होत्या. मी म्हटलं, "बाई, आमच्या धरणावर एकदा असंच लाकडी कपाट वाहत आलं होतं, आणि त्या कपाटावर एक कोंबडा..."

मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "धरणवाले, कोंबडा नंतर. आधी सोफ्याचा पाय धरा."

पाय धरला. सोफा निघाला. त्याच्यामागे अडलेलं पाणी असं गडगडत मोरीत शिरलं की माझ्या गमबुटात पाव लिटर तरी आलं. बाईंनी घड्याळ बघितलं, खिशातून चिकटपट्टीचं लेबल काढलं, त्यावर लिहिलं: 'मंगळवार, १०.२५. सोफा १. उशी नाही.' आणि सोफ्याच्या कपाळावर चिकटवलं. मला म्हणाल्या, "उशी वरच्या अंगाला कुठेतरी अडकली असणार. ती उद्या आपल्यालाच त्रास देणार बघा."

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मी दरवर्षी ऑगस्टात मुलाकडे येतो, सहा महिने राहतो आणि थंडीने हाडं वाजायला लागली की परत जातो. हीथ्रोच्या पलीकडे, हाउन्सलोहून दोन बस बदलल्या की आमची वस्ती येते. नाव सांगत नाही. इथे पाणी भरतं असं छापून आलं तर शेजारी माझ्याशी बोलायचे नाहीत. घरांच्या मागून हॅडल ब्रूक नावाचा नाला जातो. ब्रूक म्हणायचं, पण एरवी त्यात बदकाचे पायसुद्धा धड भिजत नाहीत. वस्तीच्या टोकाला तो रेल्वेच्या भरावाखालच्या मोरीत शिरतो. मोरीच्या तोंडाला लोखंडी गजांची जाळी आहे, कचरा आत जाऊन तुंबू नये म्हणून. जाळी मोकळी असली तर नाला शहाणा. जाळी तुंबली तर अर्ध्या तासात पाणी मागे सरकतं आणि पहिलं घर लागतं ते हदासा किहीमकर यांचं.

बाईंचं वय त्र्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. जन्म भायखळ्याचा, मूळ गाव अलिबागजवळचं किहीम. बेने इस्रायली लोक. म्हणजे ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या बोलणं मराठी, आणि नवस फेडायचा तो गोड पोह्यांत नारळ घालून केलेल्या मलिद्याने. एकविसाव्या वर्षी इथे आल्या आणि विमानतळाजवळ विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या किचनमध्ये चौतीस वर्षं काढली, शेवटची वीस सुपरवायझर म्हणून. तिथे नियम असा, की डबा भरला की त्यावर लेबल लागलंच पाहिजे: काय आहे, किती वाजता भरलं, कुणाच्या हातचं. नोकरी सुटली, हाताची सवय सुटली नाही. घरात मिठाच्या बरणीवरही तारीख. जाळीतून काढलेलं प्रत्येक पोतंही तसंच. पोतं कचऱ्याच्या गाडीत जातं, त्याच्या लेबलाची दुसरी प्रत फायलीत.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर हाईमसाठी. हाईम म्हणजे त्यांचे यजमान. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, आणि बोलण्यातले बहुतेक शब्द गेले. जिना अरुंद, वर नेता येत नाही, म्हणून हॉस्पिटलसारखी कॉट पुढच्या खोलीत खालीच मांडली आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत दोनदा पाणी घरात शिरलं. दुसऱ्यांदा चार शेजाऱ्यांनी कॉट उचलून विटांवर ठेवली आणि हाईम छताकडे बघत दोन तास तसाच होता. मुलगी शानी लीड्सला असते. ती आली, ओली भिंत बघितली आणि तिच्या त्या मराठीत म्हणाली, "मम्मी, पाणी परत आत आला ना, तर डॅडी केअर होममध्ये. फायनल. मी नाही ऐकणार."

बाईंनी ते मान्य केलं. करणार काय? मुलीचं चूक नव्हतं. दाताळं पहिल्या पाण्यापासूनच हातात होतं, पण त्या दिवसापासून बाईंचं सगळं जग त्या जाळीपाशी येऊन थांबलं. पाणी आत आलं नाही तर हाईम घरात. आलं तर हाईम गेला.

आता तुम्ही म्हणाल, जाळी साफ करायला सांगावं कुणाला तरी. कुणाला? तिथेच तर मेख आहे. कौन्सिलला फोन केला. त्यांचं म्हणणं, नाला आमचा पण मोरी भरावाखाली आहे, रेल्वेला विचारा. रेल्वेवाले म्हणाले, मोरी आमची, पण जाळी आम्ही बसवलेली नाही. नद्यांचं बघणारी एक मोठी कचेरी आहे, ती म्हणाली, हा नाला आमच्या यादीतल्या मुख्य नद्यांत येत नाही. चौथ्या एका कचेरीतल्या बाईने तर शांतपणे समजावलं, की इथल्या कायद्याप्रमाणे ज्याच्या जमिनीला नाला लागून आहे त्याच्याकडे नाल्याच्या मधल्या रेषेपर्यंतची जबाबदारी येते. हदासाबाईंनी विचारलं, "म्हणजे अर्धी जाळी माझी?" ती म्हणाली, तसं नक्की सांगता येणार नाही, पण कृपा करून जाळीला हात लावू नका, धोकादायक आहे.

फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत? माझी आहे का, माहीत नाही. पण हात लावायचा नाही, हे माहीत आहे."

मी म्हटलं, "आमच्या धरणावर असं नव्हतं. बत्तीस वर्षं दरवाज्यांवर काम केलं. दरवाजा कुणाचा याचा वाद नसायचा. वरून हुकूम यायचा, अर्धा फूट उचला. उचलला."

"तुमच्या धरणाला दरवाजे होते, साहेब होते, हुकूम होता. माझ्या नाल्याला एक जाळी आहे. साहेब चार आहेत आणि चौघेही मीटिंगमध्ये."

खरं सांगायचं तर धरणावरही शेवटी शेवटी वैतागच होता. कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याची आमच्याकडे एक सूची होती. जुलैअखेर एवढं, ऑगस्टच्या मध्याला एवढं. वर्षानुवर्षं पाऊस त्या सूचीला धरून चालायचा. मग तो ती सूची वाचेनासा झाला. महिनाभर टिपूस नाही आणि मग चार दिवसांत चाळीस दिवसांचा. भरून ठेवावं तर खालची गावं बुडतात, रिकामं ठेवावं तर उन्हाळ्यात तीच गावं आमच्या नावाने शंख करतात. इथेही तेच चाललंय. बाई सांगतात, "मी आले तेव्हा इथला पाऊस रुमालाने पुसता यायचा. दिवसभर असायचा, पण रुमालाने. आता महिनाभर गप्प आणि मग आकाशातून बादली उपडी." मोरी मात्र त्या रुमालाच्या हिशेबाने बांधलेली, दीडशे वर्षांपूर्वी. तिला कोण सांगणार?

तर मी रोज सकाळी जायचो. आधी दाताळं, मग चहा, मग हाईमपाशी बसणं. हाईमकडे जे दहाबारा शब्द उरले आहेत त्यांत एक आहे 'पुढे?' आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे? घरी मी "आमच्या धरणावर" म्हटलं की मुलगा लॅपटॉप उघडतो आणि सूनबाई मशीन लावायला जाते. हाईम मात्र डावा हात पांघरुणावर आपटतो. "पुढे?" कपाट-कोंबड्याची गोष्ट मी त्याला नऊ वेळा सांगितली आहे आणि दर वेळी कोंबडा निराळ्या ठिकाणी उतरला आहे.

शनिवारची तऱ्हा वेगळी. शनिवारी त्यांचा शब्बाथ. बाई दाताळ्याला हात लावत नाहीत, लिहीत नाहीत, आणि दुसऱ्याला काम कर म्हणून सांगतही नाहीत. नुसत्या कोट घालून काठावर येऊन उभ्या राहतात. "आज डावीकडे फांदी जड दिसते," एवढंच म्हणतात. मी डावीकडची फांदी काढतो. "हं. उजवीकडे काहीतरी निळं आहे." मी निळं काढतो. इतका सरळ हुकूम मला कार्यकारी अभियंत्याकडूनही कधी मिळाला नाही. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, मग त्या आत जाऊन दिवसभराची लेबलं आठवणीने लिहितात. एकही चुकत नाही.

सप्टेंबरात त्यांचं नवं वर्ष आलं. त्या दिवशी वाहत्या पाण्याशी जाऊन वर्षभराची पापं सोडायची असतात. नाल्याशी उभ्या राहून त्यांनी प्रार्थना म्हटली, कोटाचे खिसे उलटे करून झटकले. मी दूर उभा होतो. परतताना मला म्हणाल्या, "आमचं बरं आहे. पापांना वजन नसतं, जाळीत अडकत नाहीत."

मी हसलो. मोकळेपणाने हसलो, हे आठवलं की आता तोंड कडू होतं.

एकेचाळिसाव्या फोननंतर कौन्सिलचा माणूस आला. एलियट त्याचं नाव. चाळिशीचा, उंच, पिवळं जॅकेट, हातात टॅबलेट. ऑक्टोबरातला गुरुवार होता आणि दुपारनंतर जोराच्या पावसाचा इशारा होता. माणूस वाईट नव्हता. जिना बघितला, हाईमला हॅलो म्हणाला, फाईल उघडली आणि त्रेसष्ट पोत्यांची लेबलं एकेक करून वाचत गेला. मग त्याने सरळ सांगितलं ते असं: त्यांच्याकडे एक यादी असते. इशारा आला की पाऊस पडायच्या आधी माणसं पाठवून ज्या जाळ्या साफ करायच्या, त्यांची. ही जाळी त्या यादीत घ्यायची की नाही, हे तो आजच्या पाहणीवर ठरवणार. फक्त एक अडचण. कचरा जर राहणारे लोक स्वतःच टाकत असतील तर तसं लिहावं लागतं. मग माणसं येत नाहीत, घरोघर पत्रकं येतात.

"पत्रकं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तीही वाहत येऊन जाळीतच बसणार."

आम्ही तिघं जाळीपाशी गेलो. पाऊस सुरू झाला होता. बाईंनी दाताळं घातलं आणि पहिल्याच ओढीला बाहेर काय आलं? नारळ. शेंडीसकट. मागून दुसरा. मग लाल कापडाचा तुकडा, झेंडूच्या माळेचा कुजका दोरा, आणि केळीच्या खुंटाचा हातभर तुकडा गजांत असा बसलेला, की त्याच्यामागे पालापाचोळ्याची भिंत उभी राहिलेली.

ते बघून मी दोन पावलं मागे सरकलो.

कारण ते माझं होतं. गणपती झाल्यावर मूर्ती हॉलमध्ये मोठ्या टबात विसर्जित केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण निर्माल्य? सूनबाई म्हणाली, बाबा, ब्राऊन बिनमध्ये टाकते, बागेचा कचरा त्यातच जातो. देवाच्या अंगावरचं फूल बिनमध्ये? माझ्याने ते झालं नाही. सकाळी पिशवी उचलली आणि वरच्या अंगाला बागेतल्या पुलावरून वाहत्या पाण्यात सोडली. एकट्या आमच्या घरची नव्हे. पुण्या-नागपूरकडची आणखी चार घरं आहेत इथे, सगळी कामावर जाणारी. त्यांनीही आपापल्या पिशव्या माझ्याकडेच दिल्या, काका तुम्ही करता ना नीट, म्हणून. मी नीट केलं. गेल्या वर्षीही केलं. यंदाचं महिनाभर वरच कुठेतरी अडकून राहिलं असणार, रात्रीच्या सरीने ते खाली आणलं. धरणाच्या जाळीतून बत्तीस वर्षं दुसऱ्यांची निर्माल्यं काढता काढता ज्याने लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्या माणसाला पुलावर उभं राहिल्यावर एकदाही सुचलं नाही की खाली आपलीच जाळी आहे!

एलियटने नारळ बुटाने हलवला. "हे कुणाचं, माहीत आहे का?"

मी, जो झोपेतसुद्धा बोलतो असं आमच्या घरी म्हणतात, गमबुटाचा चिखल पुसायला वाकलो.

बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं, अगदी किचनमधल्या आवाजात. "मी बाहेर काढते. बोटांचे ठसे घेत नाही. तुमच्या त्या फायलीत सोफा आहे, गादी आहे, तीन ट्रॉल्या आहेत, सायकल आहे. त्या इथल्या कुठल्या घराच्या आहेत ते आधी लिहा, मग नारळाचं लिहू."

तो काहीतरी बोलणार होता, पण नाल्याने त्याला बोलू दिलं नाही. वरच्या अंगाला ढग फुटला असावा. पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि जाळीवर इंच इंच चढायला लागलं. एलियटने फोन लावला. साफसफाईची गाडी दुसऱ्या टोकाला, दोन तास लागतील. त्याच्या टॅबलेटवर पाण्याच्या पातळीचं चित्र होतं, ते अजून सकाळचंच दाखवत होतं.

"तुमचं ते निळं चित्र छान आहे," बाई म्हणाल्या, "पण दाताळं एक जास्तीचं आहे."

"मला परवानगी नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

त्याने टॅबलेट जॅकेटच्या आत घातला आणि दाताळं घेतलं. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं नुसतं ओढत होतो. कोंबड्याची गोष्टसुद्धा मला आठवली नाही, यावरून ओळखा. फांद्या, बाटल्या, पाचोळा, प्लॅस्टिक, काढतोय आणि मागून येतच आहे. केळीचा खुंट मी हाताने उपसला, कोपरापर्यंत हात घालून. तो माझ्याच हाताने निघायला हवा होता. पाणी बाईंच्या मागच्या दाराच्या पायरीला लागलं. तीन विटांची पायरी. पहिली वीट गेली. दुसरी गेली. पुढच्या खोलीच्या कडेच्या खिडकीतून हाईम कॉटवरून बघत होता, डाव्या हाताने काच वाजवत. तिसऱ्या विटेच्या अर्ध्यावर पाणी आलं, आणि मग मोरीने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला. पाणी थांबलं. पाच मिनिटं तसंच उभं राहिलं. मग दुसरी वीट दिसायला लागली.

एलियट नखशिखांत चिखलात होता. त्याने टॅबलेट काढला, बाहीला पुसला आणि काठावरच उभं राहून लिहिलं. बाईंना वाचून दाखवलं: जाळी यादीत घेतली, वरच्या वर्गात, इशारा आला की आधी इथे माणसं. कचऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'मिश्र, वरच्या भागातून'. जाताना दाताळं भिंतीला नीट टेकवून ठेवलं.

आत आलो. बाईंनी किटली लावली, भिजलेला कोट खुर्चीवर टाकला आणि बसायच्या आधी लेबल लिहायला घेतलं. मला राहवेना. म्हटलं, "बाई, एक सांगायचं आहे. ते नारळ माझे. कापडही माझं. खुंटही. पुलावरून मीच सोडले. आज तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणून, नाहीतर माझ्यापायी हाईमला केअर होममध्ये..."

त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताने फाईल ओढली, पानं मागे मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर सरकवली. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचं लेबल होतं, त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात: 'सोमवार, ८.१०. नारळ ३, लाल कापड, दूर्वा. धरणवाले.'

त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. 'नारळ २. धरणवाले.'

म्हणजे गेल्या वर्षापासून. तेव्हापासून ही बाई माझ्या नावाची लेबलं लावत होती, मला चहा पाजत होती, आणि मी तिला इंग्लंडातले लोक नाल्यात काय काय टाकतात यावर व्याख्यानं देत होतो!

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं. "अहो, मग बोलला का नाहीत? दोन शिव्या तरी घालायच्या होत्या."

बाईंनी लेबल पुरं केलं, पोत्यावर लावायला बाजूला ठेवलं, चष्मा काढून टेबलावर टाकला आणि म्हणाल्या:

"पुलावर पिशवी उलटी करताना बघितलं होतं मी तुम्हाला. पण बोलून काय झालं असतं? तुम्ही लाजून महिनाभर तोंड दाखवलं नसतं, आणि त्या महिन्यात चार शनिवार आले असते. मग दाताळं काय शानीने लीड्सहून मारलं असतं? पुढच्या वर्षी त्या सगळ्या पिशव्या इकडे आणा, माझ्या गुलाबांच्या मुळाशी घालू, तिथून वाहून जात नाहीत. आणि आता तो चहा घेऊन पुढच्या खोलीत जा बघू, हाईम केव्हाचा हात आपटतोय. आज त्या मेल्या कोंबड्याला एकदाचा कुठेतरी नीट उतरवा."